वाचक विचारतात : यूपीएस असूनही संगणक बंद का पडतो?

माळव्यात पहिला पाऊस वारा-वावटळ घेऊन येतो, झाडांच्या फांद्या तारांना लागू लागतात आणि लाइट दिवसातून चार-चार वेळा जाऊन येऊ लागते. त्यामुळे या महिन्याच्या टपालात इंदूरच्या निरनिराळ्या वस्त्यांतून आलेली बरीच पत्रे डेस्कटॉप संगणकाच्या वीजपुरवठ्याविषयीच आहेत. त्यांतली पाच येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण इतरांच्या अर्ध्या शंका त्यातच मिटतात.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून सुदामानगरात राहतो. दोन वर्षांपूर्वी नातवासाठी डेस्कटॉप जुळवून घेतला. त्यात आय-५ १२४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एसएसडी आणि २४ इंची मॉनिटर आहे. एसएमपीएस (संगणकाच्या आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटसोबतच मिळालेला, ४५० वॅटचा आहे, आणि यूपीएस ६०० व्हीएचा. यूपीएसला मार्चमध्ये नवी बॅटरी घातली, तरीही लाइट गेली की दहापैकी सात वेळा संगणक बंद पडतो. गंमत म्हणजे मॉनिटर मात्र चालू राहतो. दुकानदार १ केव्हीएचा, म्हणजे १००० व्हीएचा, यूपीएस घ्यायला सांगतो. शिवाय नातवाला ॲनिमेशनच्या अभ्यासासाठी आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड बसवायचे आहे. नेमके काय घ्यावे?

उत्तर : आपल्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती आपण ‘गंमत म्हणजे’ म्हणून लिहिली आहे. मॉनिटर आणि संगणक एकाच यूपीएसवर असताना मॉनिटर चालू राहतो, याचा अर्थ यूपीएसने आपले काम केले आहे. बंद पडला तो कॅबिनेटमधला एसएमपीएस. तेव्हा नवी बॅटरी घालून उपयोग झाला नाही, यात नवल नाही, आणि यूपीएस मोठा आणूनही हा दोष जाईलच असे नाही.

घडते ते असे. घरगुती यूपीएस नेहमी बॅटरीवर चालत नाही; लाइट असेपर्यंत तो भिंतीतली वीज पुढे देतो आणि ती गेल्याचे कळताच आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारे बटण, संगणकाचा पुरवठा बॅटरीकडे वळवतो. या वळण्याला साधारण ४ ते १० मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ संगणकाला वीज मिळतच नाही. ही फट एसएमपीएसमधल्या मोठ्या कपॅसिटरने भरून काढायची असते. त्यात सुमारे ३२५ व्होल्टची साठवण असते आणि संगणकाच्या सुट्या भागांसाठी असलेल्या एटीएक्स मानकानुसार मोठ्या भारावरही तिने १६-१७ मिलिसेकंद निभवावे, अशी अपेक्षा आहे. स्वस्त एसएमपीएसमध्ये पैसे वाचवण्यासाठी हाच कपॅसिटर छोटा घातलेला असतो, आणि उन्हाळ्यातल्या उष्णतेने तो वर्षा-दोन वर्षांत आणखी दुबळा होतो. नातू त्या क्षणी नुसते वाचत असेल तर संगणक तग धरतो, काही जड काम चालू असेल तर धरत नाही. आपले दहातले तीन आणि दहातले सात असे येतात.

खात्री करून घ्यायची असल्यास एक सोपी परीक्षा आहे. संगणक रीतसर बंद करा, त्याच्या जागी यूपीएसच्या त्याच सॉकेटात जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब असलेला टेबललॅम्प लावा आणि भिंतीवरचे बटण बंद करा. प्लग उपसू नका, कारण त्याने अर्थिंगही तुटते. बल्ब क्षणभर मिचकावून जळत राहिला, तर यूपीएस निर्दोष आहे. मात्र आधी यूपीएसच्या पाठीमागचे सॉकेट नीट पाहून घ्या. काही नमुन्यांत एखादे सॉकेट फक्त व्होल्टेजच्या उसळीपासून संरक्षण देणारे असते, त्याला बॅटरीचा आधार नसतो, आणि संगणक नेमका त्यातच लावलेला मी अनेक घरांत पाहिला आहे.

आता त्या ४५० वॅटविषयी. कॅबिनेटच्या बाजूचे झाकण काढले की एसएमपीएसवरचे लेबल दिसते. त्यावर ३.३, ५ आणि १२ व्होल्ट अशा रकान्यांखाली ॲम्पिअर लिहिलेले असतात. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही मोठी गिऱ्हाइके १२ व्होल्टवरच जेवतात, म्हणून पाहायचा तो रकाना एकच. परवा माझ्यासमोर असाच एक एसएमपीएस उघड्यावर पडला होता : डब्यावर ठळक ४५०, आणि लेबलवर १२ व्होल्टसमोर १४ ॲम्पिअर. गुणाकार केला तर १६८ वॅट. उरलेला आकडा ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांनी फुगवलेला होता, ज्यांचे आज फारसे काम उरलेले नाही. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टसमोर ४५ ॲम्पिअरच्या आसपास लिहिलेले असते, म्हणजे जवळजवळ सगळी शक्ती तिथेच उपलब्ध असते. पूर्वी आम्ही एसएमपीएस हातात तोलून पाहत असू. जड तो चांगला. ती खूण अगदीच खोटी नाही, पण लेबल वाचता येत असताना तिच्यावर भिस्त ठेवण्याचे कारण नाही.

आपला हिशेब असा बसतो. आय-५ १२४०० चा मूळ आकडा ६५ वॅट असला तरी पूर्ण वेगात तो ११७ वॅटपर्यंत जातो. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून ५० वॅट धरू. बेरीज ३४० च्या जवळ जाते. ग्राफिक्स कार्ड क्षणार्धात याहून बरेच अधिक ओढून घेते, म्हणून थोडी मोकळीक हवी. एनव्हिडिया या मूळ कंपनीनेही या कार्डासाठी ५५० वॅटच सुचवले आहेत. तेव्हा नामांकित बनावटीचा, ८० प्लस ब्रॉन्झ किंवा त्यावरच्या दर्जाचा ५५० वॅटचा एसएमपीएस घ्यावा. ७५० चा मोह नको. ८० प्लस ही खूण विजेचा किती भाग उष्णतेत वाया जातो ते सांगते, टिकाऊपणाची हमी देत नाही. तरी ती मिळवण्यासाठी निर्मात्याला परीक्षणासाठी नमुना द्यावा लागतो, एवढी गाळणी तरी लागलेली असते. एसएमपीएसच्या पाठीमागे ११५ आणि २३० असे लिहिलेले लाल सरकते बटण दिसले, तर तो जुन्या पद्धतीचा आहे, असे समजून पुढे चला. लहान मुलाने गंमत म्हणून ते बटण ११५ कडे सरकवले आणि संगणक लावला, तर स्फोटासारखा आवाज होऊन सारे संपते.

एसएमपीएस बदलल्यानंतरच यूपीएसकडे वळावे. दुकानदाराचा सल्ला चुकीचा नाही. तो दुसऱ्या पायरीचा सल्ला पहिल्या पायरीवर देतो आहे, इतकेच. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या यूपीएसमध्ये व्हीएला ०.६ ने गुणावे, म्हणजे ३६० वॅट मिळतात. नवे कार्ड पूर्ण भाराने चालताना भिंतीतून सुमारे ४०० वॅट आणि मॉनिटरचे २५ असे ४२५ वॅट ओढले जातील. ६०० व्हीएचा यूपीएस त्या क्षणी लाइट गेली तर किंचाळून मान टाकेल. म्हणून १००० किंवा ११०० व्हीएचा, ज्यावर ६०० किंवा ६६० वॅट असे स्वतंत्र छापलेले आहे आणि ज्यात १२ व्होल्ट ७ एएचच्या (ॲम्पिअर-तासांच्या) दोन बॅटऱ्या आहेत, असाच घ्यावा. पूर्ण भारावर त्यातून पाच-सहा मिनिटे मिळतील, नुसत्या वाचन-लेखनाला अर्ध्या तासाहून अधिक. काम जतन करून संगणक बंद करायला पाच मिनिटे पुष्कळ होतात. यूपीएसवर बसून चित्रपटाचा उरलेला भाग पाहायचा नसतो, हे नातवाला आपण सांगालच.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. चांगल्या एसएमपीएसमध्ये विजेचा ओढा तिच्या लहरीशी जुळवून घेणारे ॲक्टिव्ह पीएफसी नावाचे मंडल असते, आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना विजेची गुळगुळीत साइन लहर न देता पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात. बहुतेक वेळा दोघांचे जमते, कधी जमत नाही. शुद्ध साइन लहर देणारा यूपीएस महाग असतो. म्हणून खरेदीपूर्वी दुकानदाराला ‘जमले नाही तर बदलून द्याल ना’ असे विचारून बिलावर तसे लिहून घ्यावे. सिल्व्हर मॉलमध्ये असो वा आपल्या गल्लीतल्या दुकानात, हे विचारण्यात संकोच नसावा. अशा घरगुती यूपीएसवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणीची खूण असणे सक्तीचे आहे, तीही पाहून घ्यावी.

प्रश्न : मी तिलकनगरात घरूनच मराठी-हिंदी डीटीपीचे काम करते. घरात १५० एएच बॅटरीचा इन्व्हर्टर आहे आणि तो पंखे-दिवे चार तास चालवतो. संगणकही त्यावरच आहे. पण लाइट गेली की तो पुन्हा सुरू होतो आणि पान हातचे जाते. वेगळा यूपीएस घ्यावा लागेल का?

उत्तर : कदाचित नाही. इन्व्हर्टरच्या पुढच्या किंवा मागच्या बाजूला, काही नमुन्यांत बटण दाबून येणाऱ्या यादीत, ‘नॉर्मल’ आणि ‘यूपीएस’ अशा दोन स्थिती असतात. घरोघरी तो नॉर्मलवरच ठेवलेला असतो, कारण त्या स्थितीत तो फार कमी व्होल्टेजही चालवून घेतो आणि बॅटरी वाचते. मात्र तेव्हा वीज वळवायला त्याला २० ते ४० मिलिसेकंद लागतात. पंख्याला ते कळत नाही, संगणकाला पुरते कळते. यूपीएस स्थितीत हाच वेळ १० मिलिसेकंदांच्या आसपास येतो. ते बटण सरकवून, कोरे पान उघडे ठेवून दोन-तीनदा मुख्य वीज बंद करून पाहा.

यात एक देवघेव आहे. यूपीएस स्थितीत इन्व्हर्टर व्होल्टेजबाबत काटेकोर होतो आणि ते साधारण १८० च्या खाली गेले की बॅटरीकडे वळतो. उन्हाळ्यात संध्याकाळी, सगळ्या घरांचे कूलर आणि एसी एकदम चालू झाले की आपल्याकडे व्होल्टेज उतरते, आणि मग लाइट असूनही आपली बॅटरी खर्च होत राहील. तसे होऊ लागल्यास इन्व्हर्टर पुन्हा नॉर्मलवर ठेवावा आणि संगणकापुरता ६०० व्हीएचा छोटा यूपीएस मध्ये घालावा. मधली फट यूपीएस भरील आणि पुढचे तास इन्व्हर्टर काढील. डीटीपीच्या संगणकाला ग्राफिक्स कार्ड नसेल तर तो मॉनिटरसह शंभर वॅटच्या आतच असतो. माझा स्वतःचा संगणक, भिंतीतल्या सॉकेटात वॅटमीटर लावून पाहिला तेव्हा, हा मजकूर टाइप करताना मॉनिटरसह ६२ वॅट घेत होता. मात्र आपला इन्व्हर्टर साइन लहरीचा हवा. चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरची वीज पुष्कळ यूपीएस वीज म्हणून मानतच नाहीत आणि इन्व्हर्टर चालू असतानाही आपली बॅटरी संपवून बंद पडतात.

आणखी एक, न विचारलेले : पेजमेकिंगच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक मिनिटांनी आपोआप जतन होण्याची सोय असते. ती आजच चालू करा.

प्रश्न : लेझर प्रिंटर आणि वाय-फायचा राउटर यूपीएसवर लावले तर चालतील का? (एक विद्यार्थिनी, भंवरकुआँ)

उत्तर : प्रिंटर मुळीच नको. कागदावर शाई भाजण्यासाठी त्यातला रूळ तापतो तेव्हा तो काही क्षण ५०० ते १००० वॅट ओढतो, आणि छोटा यूपीएस तेवढ्याने बंद पडतो; सोबत आपला संगणकही जातो. राउटरला दहा-बारा वॅट पुरतात, तो खुशाल लावावा. घरात नुसते इंटरनेट चालू ठेवायचे असेल, तर राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. त्यात वीज १२ व्होल्टवरून २३० आणि पुन्हा १२ असा उलटसुलट प्रवास करत नसल्याने तो आकाराच्या मानाने बराच वेळ पुरतो. घेण्यापूर्वी राउटरच्या ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट आणि किती ॲम्पिअर लिहिले आहेत, ते वाचून जा.

प्रश्न : आमच्या दुकानातल्या यूपीएसची बॅटरी दर दीड वर्षाने जाते. विकणारा तीन वर्षे टिकेल असे सांगतो. आम्हाला दर वेळी जुना माल मिळतो का? (एक व्यापारी, मारोठिया बाजार)

उत्तर : तशीही शक्यता आहे, म्हणून बॅटरीवर उमटवलेला निर्मितीचा महिना पाहून, सहा महिन्यांच्या आतलीच घ्यावी. विकली न जाता पडून राहिलेली बॅटरीही आतून झिजत असते. पण यूपीएस कोठे ठेवला आहे, हे आपण लिहिलेले नाही, आणि माझा संशय तिकडेच जातो.

या सीलबंद शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांचे आयुष्य २५ अंश तापमान गृहीत धरून सांगितलेले असते. त्यावर दर आठ-दहा अंशांनी ते जवळपास निम्मे होते. मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर पारा असताना गल्ल्याखालच्या बंद खणात, स्वतःच्या चार्जरची ऊब धरून बसलेल्या यूपीएसच्या आत काय तापमान असेल, याचा अंदाज आपणच करा. मी स्वतः ही चूक केली आहे. टेबलाखाली, भिंतीला चिकटवून आणि वर जुन्या अंकांचा गठ्ठा रचून ठेवलेल्या माझ्या यूपीएसची बॅटरी बदलायला काढली, तेव्हा ती फुगून पत्र्याच्या कप्प्यात अशी घट्ट बसली होती की स्क्रू काढूनही बाहेर येईना. शेवटी कप्प्याची एक बाजू वाकवावी लागली. फुगलेली बॅटरी टोकदार अवजाराने उचकटू नये, आत आम्ल असते. माझे ते साहस अनुकरणीय नव्हते.

यूपीएस उघड्यावर, सर्व बाजूंनी चार बोटे जागा सोडून ठेवावा. दुकान बंद करताना तोही आपण बंद करत असणार. मग दिवाळीच्या किंवा लग्नाच्या लांब सुट्टीनंतर आल्यावर तो आधी आठ-दहा तास नुसता चार्ज होऊ द्यावा. बॅटरी पूर्ण रिकामी होऊन तशीच पडून राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक थर बसतात आणि ते पुन्हा सुटत नाहीत. दर तीन महिन्यांनी एकदा, महत्त्वाचे काम नसताना, भिंतीवरचे बटण बंद करून घड्याळ लावावे. नव्या बॅटरीवर शंभर वॅटच्या संगणकाला १२ व्होल्ट ७ एएचमधून पंधरा-वीस मिनिटे मिळतात. गणिताने ८४ वॅट-तास म्हणजे जवळजवळ ५० मिनिटे यायला हवीत, असे काही वाचक लिहितात; पण ७ एएच हा आकडा वीस तासांत सावकाश रिकाम्या होणाऱ्या बॅटरीचा आहे, आणि घाईने उपसली की ती निम्मेच देते. आपल्या घड्याळात आठ मिनिटे आली की नवी आणायची वेळ झाली. जुनी भंगारवाल्याला न देता बॅटरीच्या दुकानातच परत करावी. तेथे तिची किंमतही वजा करून देतात.

प्रश्न : रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात संगणकाच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या आल्यासारखे होते. इलेक्ट्रिशियन म्हणतो एसएमपीएस लीक आहे, बदला. बदलला, तरी तेच.

उत्तर : एसएमपीएस बदलून हे जाणार नव्हते. प्रत्येक एसएमपीएसच्या दाराशी विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे जोडलेले छोटे कपॅसिटर असतात, आणि त्यांतून येणारा अत्यल्प प्रवाह अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावा, अशी रचना असते. अर्थिंग नसले की पत्रा २३० च्या निम्म्यावर, सुमारे ११५ व्होल्टवर, तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने झिणझिण्यांपलीकडे सहसा काही होत नाही, टेस्टर मात्र उजळतो. पण खरोखरच आत फेजची तार पत्र्याला लागली, तर मग फ्यूज उडवायला कोणी नाही. शिवाय अशा संगणकाला टीव्हीची वायर किंवा दुसऱ्या सॉकेटावरचा प्रिंटर जोडताना एखादे पोर्ट जळू शकते.

मल्टिमीटर असलेल्या माणसाकडून सॉकेटात तीन मापे घ्यावीत. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तितकेच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत, असे आले तर अर्थिंग ठीक आहे. जुन्या घरांत तिसऱ्या भोकामागे पुष्कळदा तारच नसते. असलीच तर ती अंगणातल्या खड्ड्यापर्यंत पोचते का, तेही पाहावे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. वडीलधारी माणसे खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत, ते उगाच नव्हते.

एक गोष्ट मात्र कोणाच्याही सांगण्यावरून करू देऊ नका : सॉकेटातल्या अर्थच्या पिनेला न्यूट्रलशी तारेने जोडणे. काही इलेक्ट्रिशियन हे पाच मिनिटांत करून देतात आणि मुंग्याही थांबतात, पण पुढे कधी न्यूट्रलची तार तुटली तर कॅबिनेटच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतील. नवीन अर्थिंग करवून घ्या, मुख्य बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे बटण) बसवा, आणि ते होईपर्यंत कॅबिनेटच्या मागच्या वायरी काढण्या-लावण्याआधी यूपीएस बंद करून त्याचा प्लगही भिंतीतून काढून ठेवा, कारण नुसते भिंतीवरचे बटण बंद केले तर यूपीएस आपल्या बॅटरीतून त्या पत्र्याला वीज पुरवतच राहतो.